तेवीस नंबरचे एक्याऐंशी दिवस

विशालाक्षीला आपल्या उजव्या हाताचा फार अभिमान होता. त्यातही अंगठ्याचा आणि तर्जनीचा. या दोन बोटांनी ड्रॉपरचा रबरी फुगा दाबून तिने बत्तीस वर्षांत किती पाणपिसवा या कपातून त्या कपात नेल्या असतील, ते देवालाच ठाऊक. आणि देवाने आकडा सांगितला असता तरी ती म्हणाली असती, चुकलास, पुन्हा मोज.

चेन्नईतल्या एका जुन्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती मदतनीस होती. पाणपिसू म्हणजे डाफ्निया, तांदळाच्या कणीएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा जीव. तळ्यात असतो, टिचक्या मारल्यासारखा पोहतो. जन्म, बाळंतपणं, म्हातारपण, सगळं दोन महिन्यांत उरकतो. हा एवढासा जीव म्हातारा कसा होतो, हाच अलमेलू मॅडमचा आयुष्यभराचा अभ्यास. प्रत्येक पिसूला स्वतंत्र कप, कपाला नंबर. रोज सकाळी आईला नव्या पाण्यात हलवायचं, शेवाळाचं हिरवं पाणी पाजायचं, तिला झालेली पिल्लं मोजून वेगळी काढायची, तिने टाकलेली कात उचलायची आणि वहीत त्या दिवसाच्या चौकटीत लिहायचं, जिवंत की मेली. सोपं वाटतं. साठ कपांपुढे रोज सकाळी बसून बघा, म्हणजे कळेल.

मॅडम १९९५ साली विद्यार्थिनी म्हणून आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी बारीक तोंडाच्या ड्रॉपरने एक आई खेचली आणि मारली. रडायला लागल्या. विशालाक्षीने ड्रॉपरचं टोक कापून, बर्नरवर धरून गुळगुळीत करून त्यांच्या हातात दिलं आणि फुगा किती दाबायचा ते बोट धरून शिकवलं. तेव्हापासून मॅडमची ती ‘विशाला’. मॅडम डॉक्टर झाल्या, विभागप्रमुख झाल्या, पण सकाळी आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, “विशाला, पाणी बरोबर आहे ना?” मॅडम तमिळ, विशालाक्षी तंजावरकडच्या मराठी घरातली. दोघींचं बोलणं तमिळमधूनच चाले. नवरा एकोजी गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, मुलगा श्रीवत्स सिरुसेरीला सॉफ्टवेअरमध्ये. अण्णा नगरातल्या घरी तिला कोणी ‘पाणी बरोबर आहे ना’ विचारत नसे. घरी विचारत, कॉफी झाली का.

आणि तिच्या अभिमानाला पुरावाही होता. मॅडमच्या कपाटात स्पिरिट भरलेली बोटभर बाटली होती, आत एक पाणपिसू. १९९९ सालची, तेवीस नंबरची. बाकीच्या पिसवा पंचावन्न-साठ दिवसांत गेल्या, ही एक्याऐंशी दिवस जगली. मॅडम त्या वेळी बाळंतपणाच्या रजेवर होत्या, सगळं एकट्या विशालाक्षीच्या हाती होतं. रजा संपवून त्या आल्या तर टेबलावर वही आणि बाटली तयार. पुढे दर जूनमध्ये नवी मुलं आली की पहिल्या दिवशी मॅडम ती बाटली उजेडात धरत आणि सांगत, “ही आमची तेवीस नंबर. एक्याऐंशी दिवस जगली, आणि मरताना पोटात अंडी होती. असा हात असावा लागतो.” मुलं वळून विशालाक्षीकडे बघत. ती नेमकी त्या वेळी स्वच्छ टेबल पुसत असे. मुलांनी त्या पिसूचं नाव पाट्टी ठेवलं होतं. पाट्टी म्हणजे आजी.

सव्वीस वर्षांत एक्याऐंशीच्या जवळपासही कोणाची पिसू फिरकली नव्हती. मग जानेवारीत कौमुदी आली.

कौमुदी पंचवीस वर्षांची. वडील बँकेत, बदली होऊन साताऱ्याहून इकडे आलेले. प्रोजेक्टवर तिची नेमणूक झाली. पहिल्याच दिवशी ती विशालाक्षीला ‘काकू’ म्हणाली. इथं सगळे ‘अक्का’ म्हणतात, काकू ऐकून विशालाक्षीला एकदम दहा वर्षं वाढल्यासारखं वाटलं.

“तुम्ही मराठी? किती छान!” कौमुदी म्हणाली. “आणि किती गोड बोलता हो. अगदी पेशव्यांच्या काळातलं वाटतं.”

“पेशवे नव्हे,” विशालाक्षी म्हणाली. “भोसल्यांच्या वेळचें. पेशव्यांच्या आधींच आलों की आम्ही हिकडे.”

मुलगी हसली. वाईट नव्हती ती, हेच तर खरं दुखणं होतं. वाईट असती तर विशालाक्षीने सुखाने तिचा राग केला असता. कौमुदी वेळेवर येई, कप घासून ठेवी, न सांगता दिवे मालवी. महिन्याभरात मॅडम तिला ‘कौमु’ म्हणू लागल्या. डब्यातला लिंबूभात मॅडम आधी विशालाक्षीच्या ताटलीत वाढत, तो आता दोघींत वाटला जाऊ लागला. विशालाक्षी म्हणाली, मला नको, पोट भरलंय. पोट भरलं नव्हतं, पोटात दुखत होतं. आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी मॅडम दारातून आत आल्या, विशालाक्षी समोर उभी असताना तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं आणि विचारलं, “कौमु, पाणी बरोबर आहे ना?”

त्या दिवशी विशालाक्षीने घरी जाऊन रसमात दोनदा मीठ घातलं. एकोजीने निमूटपणे खाल्लं. बायको कधी बोलायच्या मनःस्थितीत नाही हे कळायला त्याला चाळीस वर्षं पुरली होती.

दहा मार्चला कौमुदीने स्वतःचे तीस कप सुरू केले. एप्रिलच्या मध्यावर एका शुक्रवारी तिचा फोन आला. ताप चढला होता, आवाज बसला होता.

“अक्का, शनिवार-रविवार माझे कप तुम्ही बघाल का? फक्त पाणी बदलून द्या.”

“अय्यो, आम्ही सिरुसेरीला जात आहों ना,” विशालाक्षी म्हणाली. “श्रीवत्स बोलावलाय.”

श्रीवत्सने कोणाला बोलावलं नव्हतं. शनिवारी विशालाक्षी घरीच होती, पिठलं केलं, गच्चीवर पापड वाळत घातले आणि दिवसभर स्वतःला समजावत राहिली की दोन दिवसांनी काही बिघडत नाही. थोडं बिघडलं तर बरंच, असं मनाच्या कोपऱ्यात होतं. ते तिने त्या कोपऱ्यातच राहू दिलं.

सोमवारी कौमुदी आली, कप साफ केले, आणि वहीत शनिवार-रविवारच्या चौकटीत लिहिलं, ‘पाहिलं नाही’. विशालाक्षीने ते वाचलं आणि तिला बरं वाटलं. मोकळी चौकट! आपल्या बत्तीस वर्षांच्या वह्यांत अशी एक चौकट कोणी दाखवावी.

मे उजाडला. कौमुदीच्या पिसवा एकेक करून गेल्या, साठाव्या दिवशी चार उरल्या, अडुसष्टाव्या दिवशी एक. सहा नंबर. सत्तर दिवस झाले, सहा नंबर जिवंत. बहात्तर, जिवंत. विशालाक्षी एकतीस तारखेला निवृत्त होणार होती, निरोपाचा कार्यक्रम तीसला ठरला होता. तिने बोटांवर मोजलं. सहा नंबर अशीच राहिली तर एकोणतीस मेला एक्याऐंशी, तीसला ब्याऐंशी. म्हणजे बरोबर निरोपाच्या दिवशी मॅडम बाटली हातात धरून काय सांगणार? ‘असा हात असावा लागतो’ म्हणत कोणाकडे बघणार? आपण गेल्यावर या प्रयोगशाळेत आपलं म्हणून मागे राहणार ते एवढंच होतं, बोटभर बाटली आणि एक आकडा. तेही या पोरीने न्यावं?

ती सकाळी लवकर येऊ लागली. कौमुदी यायच्या आधी सहा नंबरच्या कपावर वाकून बघे. पिसू तळाशी बसलेली दिसली की विशालाक्षीचा श्वास थांबे, आणि पिसूने टिचकी मारून वर उडी घेतली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. कपाला हात मात्र तिने कधी लावला नाही, हे लिहून ठेवलंच पाहिजे. मत्सर होता, पण पाण्यात काही मिसळणारी बाई ती नव्हती.

“तुला झालेंय काय?” एकोजीने एकदा विचारलं.

“पिसू मरत नाहीं.”

“मरूं नये म्हणूनच पगार देतात ना तुला?”

शुक्रवारी ती देवळात गेली. पिसू मरू दे असं देवाला सांगायची तिला लाज वाटली, म्हणून ‘योग्य तें होऊं दे’ एवढंच म्हणाली. देवाला कळायचं ते कळलं असेल.

अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी, सोमवारी, तिला त्या मोकळ्या चौकटी आठवल्या आणि मन एकदम हलकं झालं. अर्थात! या धंद्यात एक जुनी चूक असते. एखादं पिल्लू काढायचं राहून जातं आणि कपातच वाढतं. मग आई मरते, तिचं अंग विरघळून नुसतं कवच उरतं, ते हुबेहूब कातीसारखं दिसतं. बघणारा ते कात म्हणून फेकतो आणि लेकीला आई समजून पुढे हलवतो. वहीत आई जिवंतच राहते. आईचं वय लेकीला चिकटतं. कौमुदीने दोन दिवस बघितलंच नव्हतं. तेव्हाच कधीतरी आई गेली असणार!

ती तडक मॅडमच्या खोलीत गेली. कौमुदी तिथेच बसली होती, तरी बोलली.

“मॅडम, सहा नंबर सहा नंबर नाही. लेक आहे. एप्रिलची वही बघा, दोन दिवस कोणी बघितलेलं नाही.”

कौमुदीचा चेहरा उतरला. ‘ते दोन दिवस मी तुम्हालाच बघायला सांगितलं होतं’, असं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, “अक्कांचं बरोबर असू शकतं, मॅडम. म्हणूनच मी तसं लिहून ठेवलंय.”

मॅडमनी चष्मा काढला. “मग मोजून बघू. ही जात दर कातीला वाढते, मरेपर्यंत वाढत राहते. खरी म्हातारी असेल तर मोठी असणार, ठोके मंद असणार, पोटात अंडी नसणार, असली तर एखाददुसरं. विशाला, तूच मोज. तुझ्या डोळ्यावर माझा विश्वास आहे.”

विशालाक्षीने सहा नंबरला काचेवर घेतलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. पिसूचं अंग पारदर्शक, काळीज उघडं दिसतं. ते काळीज थकल्यासारखं, थांबत थांबत चालत होतं. पाठीवरची अंड्यांची पिशवी रिकामी. मोजपट्टीवर लांबी भरली चार पूर्णांक तीन मिलिमीटर. एवढी मोठी पिसू तिने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. जख्ख म्हातारी होती बिचारी.

“किती?” मॅडमनी विचारलं.

“चार पूर्णांक तीन,” विशालाक्षी म्हणाली. तिला खोटं सांगायचा मोह झाला नाही असं नाही, पण मॅडम शेजारीच उभ्या होत्या.

“म्हणजे आईच आहे,” मॅडम खुशीत म्हणाल्या. “छान. आता असं कर, तुझी पाट्टी पण मोजून टाक. सव्वीस वर्षांत कोणी मोजलेलीच नाही. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहू.” बाटली तिच्या हातात देऊन त्या मीटिंगला गेल्या. कौमुदी जेवायला गेली. बहुधा रडायला.

विशालाक्षीने पाट्टीला बाटलीतून काढून काचेवर ठेवलं आणि डोळा लावला.

तीन मिलिमीटर. काच सरळ केली, पुन्हा मोजलं. तीन. आणि पाठीवरची पिशवी अंड्यांनी गच्च भरलेली, मोजली तर सोळा. अंडी आहेत हे तिला ठाऊक होतं, मॅडम दर जूनला कौतुकाने सांगतच होत्या. एक्याऐंशी दिवसांच्या म्हातारीच्या पोटात सोळा अंडी! एवढी वर्षं दोघींना तो विशालाक्षीच्या हाताचा चमत्कार वाटला होता. आता ज्या डोळ्याने तिने कौमुदीची पिसू पारखली तोच डोळा पाट्टीवर होता, आणि त्याला दिसलं ते सरळ होतं. ही ऐन तारुण्यातली, फार तर चार आठवड्यांची पोर होती.

मग तिला ते पोंगल आठवलं. १९९९ सालचं, संक्रांतीच्या दिवसांतलं. दिराचं लग्न ठरत होतं म्हणून भोगीच्या संध्याकाळी ती तंजावरला गेली, ती सतराच्या सकाळी परतली. मधल्या तीन दिवसांत कप कोणी बघितले नाहीत. आली तर साठ कपांत पिल्लांची जत्रा. एकेका कपातली सगळ्यात मोठी ती आई असं धरून तिने दुपारपर्यंत सगळं निस्तरलं. तेवीस नंबरमध्ये एक जुनी कात होती, ती फेकली. आई जरा लहान वाटली होती, हेही आता आठवलं. तेव्हा तिने मनाशी म्हटलं होतं, म्हातारपणी माणूस आक्रसतंच की, सासूबाई नाही का केवढ्याशा झाल्या! आणि वहीत तिन्ही चौकटींत एका बैठकीत लिहिलं होतं, जिवंत, जिवंत, जिवंत. मॅडमना रजेवर असताना उगीच काळजी नको म्हणून. चौकटी मोकळ्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिने स्वतःच्या पायांनी जाऊन मॅडमना सांगितलं होतं, बघा.

दारात पावलं वाजली. विशालाक्षीने पाट्टीला बाटलीत सोडलं, झाकण लावलं, पेन घेतलं आणि सहा नंबरच्या आकड्याशेजारी लिहिलं, ४.१. सवयीचा हात होता.

मंगळवारी सहा नंबर एकोणऐंशी दिवसांची झाली. बुधवारी सकाळी विशालाक्षी कपावर वाकली तर सहा नंबर तळाशी होती. तिने वाट पाहिली, टिचकी नाही. ड्रॉपरने पाणी हलवलं, तरी नाही. ऐंशी दिवस. एक कमी.

जे मागितलं ते पदरात पडलं होतं. देव बरोबर तेवढाच एक दिवस मोजून तिच्या बाजूने उभा राहिला होता. आनंदाची उकळी फुटायची ती तिने वाट पाहूनही फुटली नाही. तेवढ्यात कौमुदी आली, बघितलं, डोळे पुसले आणि वहीत लिहिलं, मेली. मग बाहेर जाऊन मैसूरपाक घेऊन आली.

“घ्या अक्का. तुमची पाट्टी जिंकली. खरं सांगू? मला आतून बरंही वाटलं. तुमच्या जायच्या आठवड्यात माझा आकडा वर गेला असता तर मला चांगलं वाटलं नसतं.”

विशालाक्षीने मैसूरपाक घेतला. तोंडात तो विरघळेना.

रात्री एकोजीला तिने सगळं सांगून टाकलं. तो ऐकून म्हणाला, “मग सांग कीं मॅडमना.”

“सांगूं? परवां निरोप आहे माझा!”

“मग नको सांगूं.” तो कुशीवर वळला. “मुकी पिसू आहे, बोलणार थोडीच.”

शुक्रवारी प्रयोगशाळेत टेबलावर धुतलेली चादर घातली होती, मोगऱ्याचा हार आणला होता. सुट्टी असूनही जुनी मुलं आली होती, तीसेक माणसं झाली. विशालाक्षी हिरव्या काठाची रेशमी पट्टूसाडी नेसून मधल्या खुर्चीत बसली. मॅडम बोलल्या. बारीक तोंडाच्या ड्रॉपरची, त्या रडण्याची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता विशालाक्षीला हुंदका आला, तो खरा होता. मग मॅडमनी बाटली काढली.

“आज पाट्टी सगळ्यांनी भिंगातून बघा,” त्या म्हणाल्या. त्यांनी मायक्रोस्कोप मांडूनच ठेवला होता. “आणि आजपासून ही कौमुदीच्या ताब्यात. कौमु, आधी तू बघ.”

कौमुदीने पाट्टीला काचेवर घेतलं. विशालाक्षी तिच्या हाताकडे बघत होती. फुगा दाबायची रीत अगदी बरोबर, तिनेच शिकवलेली. कौमुदीने डोळा लावला, मोजपट्टी फिरवली आणि मग तिचा हात तिथेच थांबला. पुन्हा एकदा बघितलं. पाठीवरची पिशवी मोजत असावी, ओठ हलत होते. सोळापर्यंत हलले.

तिने मान वर केली. खोलीत सगळे तमिळ बोलणारे. कौमुदी विशालाक्षीकडे झुकली आणि मराठीत, हसऱ्या चेहऱ्याने, जणू अभिनंदन करावं तशी म्हणाली, “अक्का, स्पिरिटमध्ये आक्रसली असेल, हो ना? काळजी करू नका. मी कुणाला काही बोलणार नाही.”

इतकं झाल्यावर एखाद्या बाईने मनातल्या मनात हात जोडले असते. विशालाक्षीला मात्र अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखं झालं. हिने मला झाकायचं? मॅडमचा लिंबूभात हिचा, ‘पाणी बरोबर आहे ना’ हिला, खरी म्हातारी पिसू हिची, आणि आता मोठं मनही हिचंच? हिच्या उपकाराखाली ती बाटली या कपाटात बसणार, दर जूनला ही मुलांना खोटं सांगणार आणि मनात म्हणणार, बिचाऱ्या अक्का! नाही. ते एक तिला सोसवलं नसतं. खोटेपणाची लाज तिने चार दिवस गिळली होती, ही दया एक क्षण गिळवेना.

“आक्रसेल,” ती मोठ्याने म्हणाली, “पण स्पिरिटांत अंडीं होतात काय?”

आणि मग उभी राहून, सगळ्यांना कळावं म्हणून, तमिळमध्ये सांगितलं. की ही पाट्टी नाही, पाट्टीची लेक आहे. की खरी तेवीस नंबर पोंगलमध्ये कधीतरी मेली, तिचं कवच कात समजून फेकलं गेलं. की त्या तीन दिवसांत मी इथं नव्हतेच, आणि वहीत जिवंत लिहिलं. की सोमवारचा ४.१ सुद्धा खोटा आहे. बोलताना तिचा आवाज भांडणाऱ्या बाईसारखा चढला होता, पण भांडण कोणाशी आहे ते कोणाला कळत नव्हतं.

मॅडमनी मायक्रोस्कोपात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मान वर केली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, राग परवडला असता.

“सव्वीस वर्षं मी हे मुलांना सांगितलं, विशाला,” त्या म्हणाल्या. मग कपाटाकडे गेल्या, जुनी वही शोधून आणली आणि तिच्यापुढे टेबलावर ठेवली. “कुठले दिवस?”

हार बाजूला सरकवून विशालाक्षीने पान काढलं. तिन्ही ‘जिवंत’ एका शाईचे, एका तिरक्या हाताचे, कोणालाही कळावेत असे. तिने त्यांच्यावर रेघ मारली आणि एकेका चौकटीत लिहिलं, पाहिलं नाही. पाहिलं नाही. पाहिलं नाही. किती लहान शब्द, आणि या पोरीला ते तापातून उठल्या उठल्या, कोणी मागितलेले नसताना सुचले. फेब्रुवारीपासून ती कौमुदीच्या ज्या ज्या गोष्टीवर जळली होती, त्यांत या दोन मोकळ्या चौकटी नव्हत्या. आता त्यांच्याइतका कशाचाच हेवा तिला वाटला नाही.

“तेवीस नंबर शेवटची कधी दिसली?” मॅडमनी विचारलं.

“अठ्ठावन्नाव्या दिवशी.”

“मग अठ्ठावन्न लिही.”

तिने लिहिलं. मॅडमनी पाट्टीच्या बाटलीवरची जुनी चिठ्ठी खरवडून काढली. कौमुदीने सहा नंबर स्पिरिटमध्ये ठेवली होती, ती बाटली अजून कोरी होती. मॅडमनी ती उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि कोऱ्या चिठ्ठीसकट विशालाक्षीपुढे केली.

“याच्यावरही तूच लिही. तुझं अक्षर चांगलं आहे.”

“अक्का, राहू द्या,” कौमुदी म्हणाली. “मी लिहिते नंतर.”

“तूं गप्प बैस,” विशालाक्षी म्हणाली, आणि पेन उघडलं. लिहिताना तिच्या पोटात जे दुखायचं ते दुखतच होतं, जराही कमी झालेलं नव्हतं. तिने चिठ्ठीवर सहा नंबर लिहिला, कौमुदीचं पूर्ण नाव लिहिलं, आणि खाली, ठसठशीत, ऐंशी दिवस.